परक्या कपाटाची किल्ली

गोमंतकात ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा शब्द संगणकाबरोबर आलेला नाही. पोर्तुगीज अमदानीत तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्यास ‘आदमिनिश्त्रादोर’ म्हणत, आणि आजही देवस्थानांच्या बाबतीत तालुक्याचे मामलेदार हेच कायद्याने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतात. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने घालून दिलेली ही व्यवस्था पेडणे-डिचोलीतील वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. देवस्थान महाजनांचे, कारभार महाजनांनी निवडलेल्या समितीचा, आणि देखरेख मामलेदारांची. वाद विकोपास गेला म्हणजे मामलेदार येतात, पंचांसमक्ष याद्या होतात, किल्ल्या ताब्यात घेतल्या जातात. परंतु किल्ली हाती आली म्हणून देवाच्या अंगावरचे सोने त्यांचे होत नाही. आणि भांडारात काय काय आहे हे एकदा पाहावे अशी जिज्ञासा झाली म्हणून ते एखाद्या सायंकाळी एकटेच जाऊन कुलूप काढीत नाहीत.

या जुन्या शब्दाचा एक नवा धनी गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत निर्माण झाला आहे. पेडण्याची आणि डिचोलीची किती तरी मुले आज पर्वरी, वेर्णा, पुणे, बंगळूर येथील कार्यालयांत ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून नोकरी करतात. मोपाच्या विमानतळाचे २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटन झाल्यापासून काहींना ही नोकरी घरापासून हाकेच्या अंतरावरही मिळू लागली आहे. आईबापांना विचारावे तर ते सांगतात, “संगणक दुरुस्त करतो.” वस्तुतः हा मुलगा कार्यालयातील शेकडो माणसांच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळीत असतो. पंचविशीतल्या पोराच्या हाती एवढा विश्वास आपल्या समाजाने पूर्वी कधी दिला असेल असे मला वाटत नाही.

ही कपाटे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी कार्यालयाचे कागद लोखंडी कपाटात असत. आता ते ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे मेघात असतात असे म्हणतात. भारत सरकारनेही आपल्या अशा व्यवस्थेला ‘मेघराज’ असे भारदस्त नाव दिले. नावात मेघ असला तरी कागद आकाशात नसतात. मुंबईसारख्या शहरांतील प्रचंड इमारतींत रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांवर ते असतात, आणि आपण येथून तारेने वा बिनतारी मार्गाने ते उघडतो. गूगल, मायक्रोसॉफ्ट, आपल्याकडची झोहो या कंपन्या ही जागा भाड्याने देतात. कार्यालय भाडे भरते, प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक कप्पा देते, आणि सर्व कप्प्यांची एक मुख्य किल्ली आपल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरपाशी ठेवते.

कप्पा कार्यालयाचा, मग आतील वस्तू कोणाच्या? कायद्याने पाहिले तर कामाचे कागद कार्यालयाचे, यात वाद नाही. परंतु माणूस दिवसाचे आठ-दहा तास जेथे काढतो तेथे त्याचा संसारही थोडाबहुत येऊन पडतोच. मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, घरकर्जाचे कागद, वडिलांच्या रक्ताच्या तपासणीचा अहवाल, पालखीच्या दिवशी काढलेली छायाचित्रे, न पाठवलेले एखादे राजीनाम्याचे पत्र. हे तेथे ठेवू नये असा नियम सर्वत्र असतो आणि तो सर्वत्र मोडला जातो. शिक्षकांच्या खोलीतील कप्पे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस याचे नवल वाटणार नाही. प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली चष्म्याचे जुने घर आणि देवीचा अंगारा निघतोच.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास हिंजवडी येथे हे काम करतो. गेल्या चतुर्थीला तो गावी आला असता भेटावयास आला, आणि दोन-तीन तास आमचे याच विषयावर बोलणे झाले. माझी समजूत अशी होती की, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला सर्वांचे सर्व काही सदैव दिसत असते. तो हसला. “सर, मला काहीच आपोआप दिसत नाही. पण ठरवलं तर सगळं उघडता येतं. आणि उघडलं की त्याची नोंद राहते. खरी गोष्ट ही तिसरी आहे.”

या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व मला तेव्हा प्रथम कळले. परक्याचा कप्पा उघडण्याचे सर्वसाधारणपणे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे त्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड बदलायचा आणि नव्या पासवर्डने त्याच्याच नावाने आत शिरायचे. हा सर्वांत सोपा, आणि सर्वांत वाईट. कारण त्यानंतर यंत्राच्या नोंदवहीत जे जे उमटते ते त्या कर्मचाऱ्याच्या नावावर उमटते. कागद वाचला त्याने, खोडला त्याने, बाहेर पाठवला तोही त्याने. उद्या कज्जा उभा राहिला तर खरे कोणी केले हे कोणासही सांगता येत नाही, आणि निरपराध माणसावर बालंट येऊ शकते. खुद्द अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही आपण काय केले नाही हे सिद्ध करता येत नाही. दुसरा मार्ग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने स्वतःच्या नावाने जाण्याचा. मुख्य दालनातून अमक्या कप्प्यातील अमका कागद अमक्या अधिकाऱ्यास वाचण्यापुरता खुला करून देण्याची सोय या यंत्रणांत असते. आणि कोणी, कधी, कोणास, काय खुले केले हे नोंदवहीत राहते. गूगल वा मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत ही नोंद सामान्यतः सहा महिन्यांच्या आसपास टिकते. अधिक काळ हवी असल्यास ती वेळीच बाजूला काढून ठेवावी लागते. मोठ्या कार्यालयांत याखेरीज न्यायालयीन कामांसाठी शोध घेण्याची निराळी दालनेही असतात. त्यांचा तपशील येथे नको.

वरिष्ठांचा आग्रह मात्र बहुधा पहिल्या मार्गासाठीच असतो. घाई असते, फोनवरून सांगणे सोपे असते, आणि कागदावर काही राहू नये अशीही कधी कधी इच्छा असते.

त्याने मला एक प्रसंग सांगितला, तो त्याच्या परवानगीने येथे देतो. त्यांच्या कार्यालयातील एक हिशेबनीस पन्नाशीच्या आत अकस्मात वारले. तीन दिवसांवर कर भरण्याची अखेरची तारीख होती आणि सर्व तक्ते त्यांच्या कप्प्यात. रात्री दहा वाजता साहेबांचा फोन आला, “पासवर्ड बदल आणि मला दे.” याने नम्रपणे सांगितले की, उद्या सकाळी लेखी द्या, दहा मिनिटांत काम होईल. साहेब रागावले, पण लेखी आले. त्यात कोणते कागद हवेत, कशासाठी हवेत, किती दिवस हवेत हे लिहिलेले होते, आणि खाली हिशेब विभागाच्या व कर्मचारी विभागाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. याने कप्प्यातील तीन फोल्डर, केवळ वाचण्यापुरते, एका अधिकाऱ्यास सात दिवसांसाठी खुले केले आणि आठव्या दिवशी बंद केले. पासवर्डला हात लावला नाही.

इथवर सरळ होते. पंधरा दिवसांनी त्या हिशेबनिसांच्या पत्नी कार्यालयात आल्या. मुलांचे फोटो आणि विम्याचे कागद यजमानांनी तेथे ठेवले होते, ते मिळावेत एवढीच त्यांची विनंती. कर्मचारी विभागाच्या बाई, हा मुलगा आणि त्या वहिनी असे तिघे एका खोलीत बसले. फोल्डरांची फक्त नावे पडद्यावर काढली. वहिनींनी नावे पाहून बोट दाखवायचे आणि याने न उघडता त्याची प्रत करायची, असे ठरले. त्यात एका फोल्डरला एका इस्पितळाचे नाव होते. वहिनींना त्या इस्पितळाविषयी काही ठाऊक नव्हते. खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “तेही द्या.” याने दिले. “सर, त्यात काय होतं ते मला अजूनही माहीत नाही,” तो म्हणाला, “पण मी त्या रात्री जेवलो नाही.”

हा प्रसंग ऐकल्यापासून माझ्या मनात तो प्रश्न राहिला आहे. त्या फोल्डरवर हक्क कोणाचा? गेलेल्या माणसाने जे पत्नीपासून लपवले, किंवा तिला घोर लागू नये म्हणून सांगितले नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर तिचे होते काय? बँकेच्या पैशाचा वारस ठरवता येतो. गुपिताचा कसा ठरवावा? आपल्याकडे पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेत मोहरबंद मृत्युपत्राची एक तरतूद होती. माणूस आपले मृत्युपत्र लिहून नोटरीपुढे आणी. नोटरी साक्षीदारांसमक्ष, आतील मजकुरात न शिरता, त्यास मान्यतेचा लेख जोडी आणि ते शिवून मोहोरबंद करी. आत काय आहे हे ज्याने बंद केले त्यासही माहीत नसे. माणूस वारल्यावर ते रीतसर पंचनाम्यानिशी उघडले जाई. लपवण्याचा हक्क आणि उघडण्याची रीत या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र होत्या. नव्या यंत्रात कुलूप त्याहून भक्कम आहे, पण रीत अजून बसायची आहे.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात याला धरून एक कलम आले आहे, त्याची फारशी चर्चा झालेली नाही. आपण वारलो किंवा असमर्थ झालो तर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजावावेत यासाठी नामनिर्देशन करण्याचा अधिकार त्या कायद्याने व्यक्तीस दिला आहे. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर जसा ‘नॉमिनी’ तसाच हा. वाचकांपैकी नोकरीत असलेल्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. आणि त्याहून सोपे म्हणजे, घरचे कागद घरी ठेवावेत.

कायद्याची बाजू थोडी पाहू. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा अपराध ठरवला आहे. परंतु ही परवानगी ‘मालकाची किंवा ताबा असणाऱ्याची’. आणि येथे तर ताबा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्याच हाती. म्हणजे चोर बाहेरचा असेल तर कायदा स्पष्ट, किल्लीदारच आत शिरला तर गुंता. हे ओळखून २००८ च्या दुरुस्तीत, जी ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, ‘बहात्तर-अ’ हे कलम घातले गेले. कराराने सेवा देताना हाती आलेली दुसऱ्याची व्यक्तिगत माहिती त्याच्या संमतीवाचून, हानी करण्याच्या वा लाभ उकळण्याच्या हेतूने, जो फोडील त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. २०२३ चा कायदा हा त्याच मार्गावरचा पुढचा टप्पा. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. माहिती कोणी उघडली याच्या नोंदी निदान एक वर्ष जपून ठेवाव्यात असे ते नियम सांगतात, आणि सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या संस्थेस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र याच कायद्यात मालकासाठी एक दार पुरेसे रुंद ठेवले आहे. नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकास नुकसानीपासून, धंद्यातील गुपिते फुटण्यापासून वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचूनही हाताळता येते. दार असावे हे मला मान्य आहे. लबाडी करणाऱ्याने ‘माझे खाजगी’ असे म्हणून हिशेब दडवावा हे योग्य नव्हे. पण ‘नोकरीच्या कामासाठी’ या दोन शब्दांत काय मावणार नाही? संघटनेची बैठक कोणी बोलावली हे पाहणेही त्यात बसवता येईल. सबब, कायद्याने जे मोघम सोडले ते कार्यालयाने आपल्या लेखी नियमांत स्पष्ट केले पाहिजे, आणि कर्मचाऱ्यास रुजू होताना वाचून दाखवले पाहिजे.

युरोपातील न्यायालयांनी या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक वाट तुडवली आहे. रुमानियातील बर्बुलेस्कू नावाच्या अभियंत्याने ग्राहकांसाठी उघडलेल्या संदेशखात्यावरून आपल्या भावाशी व वाग्दत्त वधूशी संभाषण केले. मालकाने ते संदेश वाचून त्यास कामावरून काढले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या विस्तारित पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी निर्णय त्याच्या बाजूने दिला. खाते कामाचे होते आणि खाजगी वापरास मनाई होती, हे न्यायालयास मान्य होते. पण आपल्यावर पाळत आहे आणि ती कोठपर्यंत आहे, याची पूर्वसूचना त्यास दिली गेली होती काय, आणि कमी आगळिकीचा मार्ग उपलब्ध नव्हता काय, हे रुमानियाच्या न्यायालयांनी तपासलेच नव्हते.

याच न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्रान्सच्या लिबेर खटल्यात उलट निर्णय दिला, आणि मला तो अधिक उद्बोधक वाटतो. लिबेर हा फ्रान्सच्या रेल्वेचा कर्मचारी. तो निलंबित असताना त्याचा कामाचा संगणक तपासला गेला. त्यात बनावट दाखले आणि पुष्कळशी अश्लील चित्रे सापडली. त्याचे म्हणणे असे की, ज्या भागात ती होती त्याला त्याने ‘व्यक्तिगत’ असे नाव दिले होते. फ्रान्समधील नियम असा की, खाजगी म्हणून स्पष्ट नाव दिलेले कागद मालकाने सामान्यतः कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत किंवा त्यास बोलावणे धाडूनच उघडावेत. इतर कागद कामाचे समजावेत. रेल्वेच्या नियमपत्रिकेत ‘खाजगी’ हाच शब्द सांगितला होता, लिबेरने ‘व्यक्तिगत’ लिहिले, आणि सबंध डिस्कलाच ते नाव देऊन ठेवले. न्यायालयाने रेल्वेची बाजू उचलून धरली. भाषेच्या शिक्षकास एका शब्दावर नोकरी गेलेली पाहून गंमत वाटावी असा हा खटला. पण त्यातील रीत घेण्यासारखी आहे. कर्मचाऱ्याने आपल्या खाजगी फोल्डरवर ठरलेला शब्द लिहावा, कार्यालयाने तो शब्द दिसला म्हणजे थांबावे, आणि उघडणे भागच असेल तर त्यास बोलावून उघडावे. यास एक पैशाचाही खर्च नाही.

किल्लीदार बिघडला तर काय होते, याची उदाहरणेही थोडी नाहीत. २०१० साली गूगलने आपल्याच एका अभियंत्यास, त्याने अल्पवयीन मुलांची खाती चोरून पाहिली म्हणून, काढून टाकले. २०१३ साली अमेरिकेच्या गुप्त कागदांचा साठा घेऊन एडवर्ड स्नोडेन देशाबाहेर गेला; तोही पदाने सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच. त्याने केले ते देशद्रोह की लोकहित, यावर जग आजही एकमताचे नाही, आणि माझाही निकाल पक्का नाही. पण त्यानंतर त्या खात्याने जो उपाय जाहीर केला तो पाहून आपल्याकडील कोणाही महाजनास हसू येईल. संवेदनशील कामे यापुढे एका माणसाने करावयाची नाहीत, दोघांनी मिळूनच करावयाची! एका पेटीस दोन-तीन कुलुपे आणि किल्ल्या निरनिराळ्या घरी, ही रीत आपल्या देवळांस कोणा अमेरिकन सेनापतीने शिकवलेली नाही.

आता थोडे आपल्या शाळांविषयी. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून मला जे दिसते ते हिंजवडीच्या कार्यालयाहून अगदी निराळे आहे. तेथे एकाच्या हाती फार अधिकार ही चिंता. आमच्याकडे अधिकार कोणाच्या हाती आहे हेच कळत नाही. शाळेचे एक खाते, त्याचा एक पासवर्ड, आणि तो लिपिकाला, दोन शिक्षकांना, संगणक शिकवणाऱ्या मास्तरांना आणि कधी कधी नववीतल्या एखाद्या हुशार मुलालाही ठाऊक. त्या खात्यात असते काय? मुलांचे आधार क्रमांक, जात, पालकांचे उत्पन्न, अपंगत्वाचे दाखले, परीक्षेतील अंतर्गत गुण. नव्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे व त्याच्या माहितीस विशेष संरक्षण आहे. एखाद्या मुलीच्या बापाचे उत्पन्न किती हे वर्गात फुटले तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत कोणत्या तोंडाने येईल, याचा हिशेब कोणत्याही दंडाच्या रकमेत मांडता येत नाही. गाव लहान आहे, आणि लहान गावात गुपिताला पाय लवकर फुटतात.

शिवाय बदल्या आहेतच. पेडण्याचा शिक्षक सत्तरीस जातो, डिचोलीचा काणकोणास. आणि शाळेचे कागद त्याच्या स्वतःच्या खात्यात त्याच्याबरोबर प्रवासाला निघतात. निवृत्त झालेल्याचे कार्यालयीन खाते कोणी बंद केले तर मुदतीनंतर आतले सर्व नाहीसे होते. ही मुदत गूगलकडे वीस दिवसांची, आणि मायक्रोसॉफ्टकडे, कार्यालयाने निराळे ठरवले नसेल तर, तीस दिवसांची असते. म्हणजे नव्या माणसाने जुन्या कागदांची चौकशी सुरू करीपर्यंत ते उरलेलेच नसतात.

मुख्याध्यापकाची बदली झाली म्हणजे कार्यभार सोपवल्याचा एक अहवाल होतो. रोकडवही, जडवस्तूंची नोंदवही, हजेरीपट, कपाटांच्या किल्ल्या, प्रयोगशाळेतील काचसामान, फुटलेल्या चंचुपात्रांसह, सर्व त्यात मोजून दिले-घेतले जाते आणि दोघांच्या सह्या होतात. या अहवालात खात्यांचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी तो नमुना दाखवला. त्याने पेन घेऊन तळाशी चार ओळी आखल्या: शाळेची खाती किती व कोणती, प्रत्येकाची किल्ली आज कोणाकोणापाशी आहे, जाणाऱ्याची किल्ली कोणत्या तारखेस रद्द केली, आणि कप्प्यात कोणाची खाजगी वस्तू राहिली असल्यास ती त्याच्या समक्ष परत केली काय. पासवर्ड कागदावर लिहावयाचा नाही, एवढे त्याने दोनदा बजावले. पुढील बदलीच्या वेळी हा रकाना भरून, माझ्या सहीनिशी, मी तो अहवाल वर पाठवणार आहे.